अप्पांची ट्रंक आणि टेक्सासची तबकडी : कामाच्या नोंदी

४ मार्च

ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास घरभर. वरच्या थरात एलपी : बरंचसं नाट्यसंगीत, शास्त्रीय, थोडी भावगीतं. तळाशी कागदी पाकिटांत ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या काळ्या तबकड्या. काम ठरलंय ते असं : सगळं डिजिटल करायचं, प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल, नावं मराठीत, शेवटी पेन ड्राइव्ह. अप्पांना सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फिरताना मोबाइलवर ऐकायचंय.

पुतण्या मदतीला येणार आहे, म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. एलपी आणि ७८ एका पाण्यात धुवायच्या नाहीत. एलपी विनाइलच्या, त्यांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ७८ लाखेच्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुणालाही विचार. नळाचं पाणी कशालाच नको. आपल्याकडचं जड पाणी वाळलं की खाचेत क्षार बसतो आणि मग सुई क्षारच वाजवत बसते.

७८ला सुईही जाड लागते. तिची खाच रुंद, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन नुसता कचरा उपसते. जाड सुई मुंबईहून मागवलीय. तोवर एलपी.

यादी करताना मधेच एक भलतंच पाकीट निघालं. विली नेल्सन, ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, कोलंबिया, १९७५. कंट्री, अमेरिकेतलं गावाकडचं गाणं! अप्पांना फोन लावला.

“ती होय? आमच्या मेहुण्यानं ह्यूस्टनहून आणलेली. टाक शेवटी. नाही केलीस तरी चालतंय.”

माझी काहीच हरकत नव्हती.

६ मार्च

टर्नटेबल जुना फिलिप्स. नवा बेल्ट घातला, सुईचा दाब दोन ग्रॅमला आणला, अर्थिंगची वायर बदलली. पन्नास हर्ट्झची गुणगुण गेली. ती गेल्यावर खालचं दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं.

आमच्या भिंतीला लागून चादरीचा कारखाना. जकार्डचे माग. अशोक चौकाच्या ह्या बाजूला राहणाऱ्याला मागाचा आवाज ऐकूच येत नाही, कान त्याला वजा करून टाकतात. सुई काही वजा करत नाही. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या सुरांचं चित्र, काढला तर अगदी तळाला, तीस हर्ट्झच्याही खाली, ठोक्यामागून ठोके उमटलेले. जमिनीतून टेबलाला, टेबलातून टर्नटेबलला. फिल्टर लावून कापता येतात, पण पखवाजाचा किंवा डग्ग्याचा घुमाराही थोडाफार कापला जातो. मला ते नको.

९ मार्च

शहाबादी फरशीचा एक जाड तुकडा बांधकामावरून आणला. त्याखाली सायकलची ट्यूब, अर्धीच हवा भरलेली. वर टर्नटेबल. ट्यूब घट्ट फुगवली तर उपयोग नाही, फरशी हातानं दाबल्यावर सावकाश डुलली पाहिजे.

आता तपासायचं कसं? त्यासाठी अशी तबकडी हवी की जिच्यात स्वतःचा खरखराट जवळजवळ नाही. नाट्यसंगीताच्या एलपी टॉर्च तिरपा धरून भिंगातून बघितल्या. खाचा राखाडी पडल्यात. काही जागी तर एकाच गाण्याचा पट्टा बाकीच्यापेक्षा फिका दिसतो. घरात कुठलं गाणं पुन्हा पुन्हा लागायचं ते डोळ्यांनीच कळतं. सगळ्या ट्रंकेत काळीकुळकुळीत, आरशागत चमकणारी एलपी एकच. ह्यूस्टनवाली. अप्पांनी ती एखाददुसऱ्या वेळेपलीकडं लावलेलीच नाही.

तेव्हा चाचणीची तबकडी म्हणून तीच. लेबलवर बुरशीचे ठिपके होते, ते कापसाच्या बोळ्यानं टिपले. लेबल भिजू दिलं नाही.

१० मार्च

कंट्रीबद्दल माझं मत आधी लिहून ठेवतो, कारण ते आजचं नाही. पुण्यात रात्रपाळीला अमेरिकन ग्राहकांचे फोन घ्यायचो तेव्हा टीम लीडर तासन्‌तास तेच लावायचा. ट्रक, बिअर, जीन्सवाली पोरगी, गावचा कच्चा रस्ता, परत ट्रक. झिलई दिलेल्या गिटारी. शेवटच्या कडव्याला पट्टी वर चढणार म्हणजे चढणारच. गावाबद्दल इतकं गाऊन गावातली एकही खरी वस्तू कधी हाताला लागली नाही. तेव्हापासून ते सूर कानावर आले की मी उठून पाणी प्यायला जातो.

चाचणीचं म्हणाल तर ट्यूब उत्तम. माग चालू असताना पहिली बाजू रेकॉर्ड केली, माग बंद झाल्यावर रात्री पुन्हा. तळातले ठोके जवळजवळ दिसेनासे. हवा थोडी कमी करून उद्या परत.

१३ मार्च

हवेचा खेळ चालू आहे. पहिली बाजू आज इतक्यांदा लावली की पुतण्या म्हणाला, “काका, गाणं तरी बदला.” बदलून चालणार नाही, तुलना करायची तर तीच जागा, तोच आवाज हवा.

एक गोष्ट मात्र टोचतेय. मी अजून एकदाही पाणी प्यायला उठलेलो नाही.

१६ मार्च

ट्यूबचं काम संपलं. नाट्यसंगीत सुरू. रोजच्या तीन-चार एलपी होतील. जोडणी, सफाई, दोन्ही बाजू, कापणी, नावं. ह्यात लिहिण्यासारखं काही नाही, नुसती हमाली आहे.

जाता जाता एक. तळातल्या ७८वर तोच कर्ण्यापुढं बसलेला एचएमव्हीचा कुत्रा. अमेरिकेत हे चित्र व्हिक्टर कंपनीकडं होतं. १९२७ साली ह्याच व्हिक्टरची माणसं टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रं घेऊन उतरली आणि डोंगरातल्या लोकांचं गाणं त्यांनी तबकडीवर घेतलं. कार्टर कुटुंब, रेल्वेत ब्रेकमन राहिलेला जिमी रॉजर्स. कंट्रीचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला. म्हणजे बालगंधर्वांच्या पुढ्यात आणि त्या रेल्वेवाल्याच्या पुढ्यात एकच कुत्रं कान टवकारून बसलेलं. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “कुत्र्याला काय कळतंय रे, पण आमच्या बाजूला बसलेलं बरं होतं.”

२१ मार्च

आज काही कारण नसताना ती एलपी लावली. चाचणी नाही, रेकॉर्डिंग नाही. हेही नोंदीत असू दे.

मग बसून माहिती काढली. विली नेल्सनचा जन्म १९३३चा, टेक्सासच्या ॲबट गावातला. बरीच वर्षं नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या धंद्याच्या मुख्य गावात, दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली. पॅट्सी क्लाइननं १९६१ साली गाऊन गाजवलेलं ‘क्रेझी’ ह्याचं. स्वतः गायक म्हणून मात्र तिथं जमेना. तेव्हाचं नॅशव्हिल म्हणजे मागं व्हायोलिनांचा ताफा, कोरस, सगळं गुळगुळीत. माझ्या टीम लीडरच्या गाण्यांची वंशावळ तिथं जाते, असं माझं मत. हा वैतागून टेक्सासला परतला. पुढं कोलंबियाशी करार करताना ध्वनिमुद्रणात आपलाच शब्द शेवटचा राहील असं कलम घालून घेतलं आणि १९७५च्या जानेवारीत डॅलसजवळच्या गारलंडमधल्या स्टुडिओत थोड्याच दिवसांत हे सगळं उरकलं. स्वतःची माणसं, बहीण बॉबी पियानोवर, मिकी राफेलचा माउथऑर्गन. कंपनीच्या साहेबांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं हा नमुना आहे, पक्का माल मागून येतोय. मागून काही येणार नव्हतं. करारातल्या कलमामुळं जसंच्या तसं बाजारात आलं. त्यातलं ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझचं चाळिसाच्या दशकातलं जुनं गाणं. ते कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. गायक म्हणून हा त्याचा पहिलाच पहिला नंबर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

साहेबांना जे अर्धवट वाटलं, त्यावरच मी अडकलोय. मला कंट्रीत खटकत होती ती भर. इथं भर नाहीच. एक गिटार, तीही तारेची नाही, नायलॉनची. मार्टिन कंपनीची एन-२०, १९६९पासून त्याच्याकडं. ही जात बोटांनी वाजवायची असते म्हणून तिच्या अंगावर खरवड झेलणारी पट्टी नसते. हा पठ्ठ्या ती नखीनं वाजवतो. खरवडून खरवडून तिच्या लाकडाला भोक पडलंय, आणि हा ती बदलत नाही. त्या तारेत धातूचा टणत्कार नाही. मी ज्याला कंट्री म्हणत होतो, तो निम्मा तो टणत्कारच असावा.

२४ मार्च

आज ह्यूस्टनवालीची खरी कापणी. वाटलं होतं, सगळ्यांत स्वच्छ तबकडी, अर्ध्या तासात होईल. उलटंच झालं. भरगच्च ऑर्केस्ट्रा असला की एखादी टिचकी त्यात लपून जाते. इथं लपायला जागा नाही. गिटारचा एक सूर, मग मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत टिच्च.

खरखर काढायचं ऑटोमॅटिक साधन चालवून पाहिलं. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर नखी तारेवरून निसटतानाचा आवाजही गेला. सूर विझत जातो त्याचं शेपूट मधेच तोडल्यासारखं. रद्द केलं. आता एकेक टिचकी हातानं. लाट मोठी करायची, टोक शोधायचं, तेवढाच सेकंदाचा काही हजारावा भाग बुजवायचा, मागून-पुढून ऐकायचं, पुढं सरकायचं.

हे काम करताना गाण्याची लाट डोळ्यांसमोर असते, म्हणून आवाज कुठं पडतो ते दिसतं. मी तबला शिकलोय, जेमतेम, पण सम कुठं येणार ते शरीराला कळतं. हा गडी तिथं नसतो. ठोका पडून जातो, ह्याचा शब्द मागून येतो, घाई नाही. पुढच्या ओळीला ठोक्याच्या आधीच बोलून मोकळा, आणि उरलेल्या जागेत गिटार. तरी प्रत्येक वेळी कडव्याच्या शेवटी बरोबर घरी. आमच्या भजनी मंडळात असं एकच जण गायचे, आणि पेटीवाला त्यांच्यावर कायम चिडलेला असायचा. आवाज नाकातलाच आहे, ते काही बदललेलं नाही. पण तो ढोल बडवून काही पटवत नाहीये. बाजूला बसून सांगतोय.

पहिल्या बाजूला एक चाल तीनदा येते. सुरुवातीला पूर्ण, मग दोनदा थोडी थोडी. पालुपद म्हणावं, तर ते एका गाण्याचं नाही, अख्ख्या बाजूचं. बाजूचा शेवट नुसत्या पियानोवर. ‘जस्ट ॲज आय ॲम’, शब्द नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजी मिशनच्या शाळेत शिकलेल्या. जिन्यातून वर हाक आली, “अरे, ही आमची चर्चमधली चाल तुझ्याकडं कशी?”

२८ मार्च

गोष्ट नीट लावून घेतली, कारण फाइलींचा क्रम चुकला तर अर्थ जाईल. सगळी एलपी मिळून एकच आख्यान आहे. पाद्र्याची बायको जुन्या प्रियकराकडं जाते. पाद्री दोघांना गाठून मारतो. मग घोड्यावरून भटकतो, तिचा घोडा दोरीनं सोबत. त्या घोड्याला एक सोनेरी केसांची बाई हात लावते, तर तिलाही गोळी. गाव त्याला सोडून देतं. हे मधलं गाणं आधीपासूनचं, दुसऱ्यांनी लिहिलेलं. नेल्सन ते पूर्वी फोर्ट वर्थच्या रेडिओवर लावायचा आणि घरी पोरांना झोपवताना म्हणायचा. पोरांना! दुसऱ्या बाजूला डेन्व्हर शहर, एक नवी बाई, वाद्यांवर वॉल्ट्झ, आणि शेवटी म्हातारपणाची शांती.

बायको भाकऱ्या थापत ऐकत होती. मी भाषांतर करून सांगत होतो. संपल्यावर म्हणाली, “अहो, तीन माणसं मारली ह्यानं आणि शेवटी निवांत बसलाय? मेलेल्या दोघींना नावं तरी आहेत का?”

नाहीत. परत सगळं तपासलं. घोड्यांचा रंग सांगितलाय, बायकांचं नाव नाही.

ह्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. खुनाची गाणी ही ह्या संगीतातली जुनी चाल, इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकांनी बोटीतून नेलेली. गुत्त्यातलं गाणं आणि देवळातलं गाणं एकाच गळ्यात असणं हेही जुनंच. आपले राम जोशी ह्याच सोलापूरचे, लावणीही त्यांचीच आणि कीर्तनही त्यांचंच. पण त्या पाद्र्याला माफी जरा स्वस्तात मिळाली, हे बायकोचं म्हणणं मला मान्य आहे. डेन्व्हरच्या पुढचा भाग तेव्हापासून मी थोडा संशयानंच ऐकतो. तरी ऐकतो.

२ एप्रिल

आता एक खात्री करून घेणं भाग होतं. कंट्री आवडायला लागलंय की ही एकच तबकडी?

टीम लीडरच्या वळणाची हल्लीची गाणी लावली. दुसऱ्या गाण्याला पाणी प्यायला उठलो. तब्येत ठीक आहे.

मग कंट्रीतल्याच जॉनी कॅश ह्या गायकाची फॉल्सम तुरुंगातली मैफल, १३ जानेवारी १९६८ला कैद्यांपुढं मुद्रित केलेली. ही जमली, अर्धी तरी. गिटार, बास, ढोल, एका लयीत ठाकठाक. ह्यातली एक गंमत आमच्या धंद्याची आहे : रेनोमध्ये माणूस मारला ह्या ओळीवर कैदी जो जल्लोष करतात, तो तिथं झालेलाच नाही, नंतर स्टुडिओत जोडलाय. पहारेकऱ्यांसमोर असल्या ओळीवर ओरडण्याची कैद्यांची हिंमत नव्हती म्हणे. आता कळल्यावर तो जोड मला दर वेळी ऐकू येतो.

कारखान्याचा मालक हिशोबाला आला होता. नेल्सन ऐकून म्हणाला, “काय ऐकायलास बे? झोपेत गातोय का ह्यो?” कॅश लावल्यावर मात्र खुर्ची ओढून बसला. “हां, हे बघ. आपला माग चालल्यागत चाललंय.” बोटानं खुर्चीच्या हातावर ठोके. चहा संपेपर्यंत हलला नाही.

७ एप्रिल

पारा चाळिसाच्या वर. दुपारी काम बंद. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, आडव्या थप्पीत नाही, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर मुळीच नाही. विनाइलला एकदा बाक आला की सूर लाटेवर बसतो. पुतण्याला तीन वेळा सांगितलं. पहाटे पाच ते आठ हीच काय ती कामाची वेळ. तेव्हा मागही बंद असतात.

नाट्यसंगीत संपलं. भावगीतांची शेवटची खेप उद्या.

११ एप्रिल

पेन ड्राइव्ह अप्पांना पोचवला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. त्याशिवाय उठू देत नाहीत.

मोबाइलवर फाइली कशा शोधायच्या ते दाखवलं. यादी वर सरकवता सरकवता ते इंग्रजी नावावर थांबले.

“ही का केलीस? मी सोड म्हणालो होतो.”

“तीच तर आधी झाली, अप्पा. बाकीच्या सगळ्यांचं माप तिच्यावर लावलंय.”

“आणि ही फाइल एवढी मोठी का? नाट्यसंगीतापेक्षा जड?”

ती मी चोवीस बिटला ठेवली होती, बाकीच्या सोळाला. बिट जास्त तितके आवाजाचे बारकावे जास्त टिकतात, फाइलही जड होते. कारण सांगितलं : आवाज फार हळू आहे, मोकळ्या जागा आहेत, त्या नीट यायला हव्यात. अप्पा चष्मा वर करून माझ्याकडं बघत राहिले.

“म्हणजे बालगंधर्वांच्या जागा नीट यायला नकोत?”

बालगंधर्व तर अजून ट्रंकेच्या तळाशीच आहेत, असं म्हणायला गेलो, पण अप्पांनी हात वर केला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मूळ रेकॉर्डिंगं चोवीस बिटची जपून ठेवलीत, त्यातून सगळं पुन्हा काढून देतो असं कबूल केलं. जादा पैसे नाहीत.

राहिलेलं काम : नाट्यसंगीत चोवीस बिटला पुन्हा. जाड सुई आली, उद्यापासून ७८. पुतण्यानं अल्कोहोलची बाटली माळ्यावर ठेवलीय, ती तिथंच राहू दे.